रडवलं म्हणजे सिनेमा चांगला? माझे नावडते आणि आवडते

बाल्कनीतला:
काल ऑफिसात डबे उघडले होते आणि मी सहज बोलून गेलो, ‘नटसम्राट’ सिनेमा काही मला झेपला नाही. त्यानंतर जेवण संपेपर्यंत मला कुणी लोणचं विचारलं नाही. एकजण तर म्हणाला, "तुला काळीजच नाही." म्हणून इथे लिहितोय. इथे निदान लोणच्याचा प्रश्न नाही.

माझं म्हणणं साधं आहे. जो सिनेमा मला रडवायचंच असं ठरवून आलेला असतो, त्याच्यापुढे मी हाताची घडी घालून बसतो. पडद्यावरचा माणूस रडतोय, मागे व्हायोलिनं रडतायत, कॅमेरा नाकापर्यंत आलाय. एवढे सगळे रडत असताना माझी काय गरज?

नावडते आधी सांगतो, शिव्या त्यावरच खायच्या आहेत.

‘नटसम्राट’ (२०१६). शिरवाडकरांचं नाटक १९७० चं. त्यातली स्वगतं रंगमंचासाठी लिहिलेली. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं तर आवाज चढा लागतो, हात मोठे फिरवावे लागतात. कॅमेरा हातभर अंतरावर असताना तोच आवाज लावला की मला दुःख दिसत नाही, दुःखाची तालीम दिसते. नाना पाटेकर मोठा नट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचे गणपतराव बेलवलकर साधं घरात बोलतानाही नाटकातच असतात.

‘पिंजरा’ (१९७२). गाणी लावा, मी हातातलं काम टाकून ऐकेन. पण गोष्ट काय? आदर्श गुरुजी, तमाशातली बाई आणि गुरुजींचा सत्यानाश. सगळं खापर चाळ बांधणारीच्या डोक्यावर.

‘माहेरची साडी’ (१९९१). याबद्दल वेगळं काय बोलायचं!

आता आवडते. ‘सामना’, ‘फँड्री’ आणि सगळ्यात वर ‘कोर्ट’. ‘फँड्री’त जब्याचं घरदार डुकरामागे धावतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर मात्र चालतंय. या प्रसंगात हसायचं की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ‘कोर्ट’मध्ये गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येतंय का बघायचा, झुरळ जिवंत तर माणूसही जगेल, असा हिशेब. हे ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा हलत नाही. मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

नाट्यवेडा:
तुमचं एक वाक्य तुमच्याच विरोधात जातंय. बेलवलकर घरातही नाटकात असतात? अहो, तेच तर ते पात्र आहे! आयुष्यभर राजे आणि सेनापती रंगवलेल्या माणसाला साधं बोलणं जमतच नाही. मुलांना त्याचं काय करावं कळत नाही ते त्याचमुळे. तो मालिकेतल्या बाबांसारखा हळू आवाजात बोलला असता तर घर कशाला मागावं लागलं असतं?

आणि विक्रम गोखल्यांचा रामभाऊ विसरलात? दोघे म्हातारे दवाखान्यात समोरासमोर, एक खाटेवर, आणि कर्ण-कृष्णाचे संवाद म्हणतायत. तिथे गोखले जे करतात ते चेहऱ्यानं कमी आणि श्वासानं जास्त करतात. रंगमंचावर दहाव्या रांगेत बसून ते दिसलं नसतं. तिथे कॅमेऱ्यानंच काम केलंय.

बाल्कनीतला:
गोखल्यांबद्दल बिनशर्त माघार. तो प्रसंग चांगला आहे. पण मग हेही मान्य करा की जिथे सिनेमा आवाज खाली आणतो तिथेच तो वर जातो. म्हणजे मुद्दा माझाच.

नाट्यवेडा:
कुठली माघार ही! एक पाऊल मागे आणि दोन पुढे.

रात्रपाळी:
‘कोर्ट’वर कुणीच बोलत नाही, मी बोलतो. आम्ही थिएटरात आठजण होतो. मध्यंतरानंतर सहा. त्यातला एक मी, आणि मी झोपलो होतो.

आमचा जमिनीचा दावा १४ वर्षं चालू आहे. सकाळी डबा घेऊन जायचं, बाकावर बसायचं, वकील साडेबाराला येणार, मग पुढची तारीख. हा कंटाळा मला फुकट मिळतोय. त्यासाठी तिकीट कशाला काढू? खरं दाखवलंय म्हणून टाळ्या वाजवायच्या तर माझ्या गल्लीत कॅमेरा लावून ठेवा, तिथेही सगळं खरंच घडतं. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातल्या परीक्षकांना ते नवं असेल.

बाल्कनीतला:
‘कोर्ट’चं इतकं नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही, आणि तुम्ही ते नावडीच्या रकान्यात टाकलंत!

दोन गोष्टी. एक, सिनेमा फक्त कोर्टात बसून राहत नाही. सरकारी वकील बाई लोकलच्या लेडीज डब्यातून घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. बचावाचा वकील मोठ्या दुकानात वाइन आणि चीज घेतो. बाई खलनायिका नाही, वकील हीरो नाही, आणि ज्याच्यावर खटला चालू आहे तो शाहीर नारायण कांबळे मात्र तुरुंगात. बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकतसुद्धा नाहीत. हे सगळं तुमच्या गल्लीतल्या कॅमेऱ्यात सापडेल, पण कुठे कापायचं ते कॅमेरा नाही ठरवत. दोन, शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीशही बाकावर बसून झोपतात. तेव्हा तुम्ही झोपलात तर सिनेमाला साथच दिलीत.

रात्रपाळी:
शेवट मला माहीत नाही. पाचजण उठल्याच्या आवाजानं जाग आली.

मधुमालती:
"याबद्दल वेगळं काय बोलायचं" असं म्हणून ज्या सिनेमाला तुम्ही चार शब्दांत निकालात काढलंत, त्याबद्दल मी बोलते.

‘माहेरची साडी’ आली तेव्हा मी सहावीत होते. आई, दोन काकू, शेजारच्या मावशी आणि मी, असा सगळा लवाजमा एसटीनं तालुक्याला गेला होता. सिनेमा भडक आहे, मला आज बघवणार नाही. उषा नाडकर्णींची सासू दिसली की बायका खरोखर शिव्या घालत होत्या. अलका कुबलला मारलं की थिएटरभर नाकं ओढल्याचा आवाज. मी आईला विचारलं, तू का रडतेस, ती तर नाटक करतेय. आई काही बोलली नाही.

खूप वर्षांनी कळलं. आमच्या घरी रडायला जागाच नव्हती. स्वयंपाकघरात रडली तर आजी विचारणार, काय कमी आहे तुला? माजघरात पाहुणे. रात्री मुलं कुशीत. त्या थिएटरात तीन तास अंधार होता आणि सगळ्याच रडत होत्या, म्हणून कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. परतीच्या एसटीत त्या इतक्या हसत होत्या की कंडक्टर वैतागला.

तुम्हाला सिनेमानं रडायला सांगितलेलं आवडत नाही, कारण तुम्हाला रडायला कुणाची परवानगी लागत नाही.

खारे शेंगदाणे:
🙏

बाल्कनीतला:
मधुमालती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सिनेमा वाईटच आहे असं अजूनही वाटतं, पण ते ‘याबद्दल वेगळं काय बोलायचं’ मागे घेतो. माझीही आई गेली होती. तिला कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

करमाळेकर:
सगळं झालं, कोर्ट झालं, फँड्री झाला. सैराटचं नाव कुठंय? का १०० कोटी कमावले म्हणून यादीत घ्यायची लाज वाटली? नागराज अण्णांचा फँड्री चालतो आन् सैराट नाही, हे कसलं गणित?

बाल्कनीतला:
मुद्दाम गाळला, कारण मी त्यावर अर्धा आहे. पूर्वार्ध मला जड जातो. पोरगं धावतंय तर धावू द्या ना, त्यामागे अख्खा वाद्यवृंद कशाला, आणि तोही थेट अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केलेला! तिथे सिनेमा मला सांगतोय की आता भारावून जा. हैदराबादला पोचल्यावर मात्र तो माझा होतो. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, आर्चीला काही केल्या न सोसणारा तो वास, मग संशय, भांडण, एक थप्पड. प्रेमात पडणं सगळेच दाखवतात, भाडं भरणं कोण दाखवतं? आणि शेवट. आवाजच काढून घेतलाय. लहान पोराची पावलं आणि त्यांचे ठसे. अजय-अतुल इतका वेळ वाजले आणि नेमके जिथे कुणीही वाजवलं असतं तिथे गप्प.

करमाळेकर:
आता माझं ऐका. मी त्याच भागातला. विहिरी, केळीच्या बागा, ऊस, हे आमच्याकडं रोजचंच. आजपर्यंत सिनेमात आमचा भाग आला तो दुष्काळ म्हणून, नायतर पाटील म्हणून. पर्शा आर्चीला बघायला पाण्यात उडी टाकतो, पळत सुटतो, तिथं एवढं मोठं संगीत वाजतंय. तुमाला ते जास्त वाटलं. आमच्या विहिरीला असलं संगीत पहिल्यांदा मिळालं हो! स्वित्झर्लंडच्या डोंगराला वाजवलं तर कुणी जास्त म्हणत नाय.

आन् शेवटाचं म्हणाल तर, आधी एवढं वाजलं नसतं तर गप्प झालेलं तुमाला कळलं असतं का?

आमच्या थेटरात झिंगाटला पोरं पडद्यापुढं नाचत होती. शेवटी तीच पोरं उठंनात. दिवे लागले तरी बसलेली. पॉपकॉर्न वाल्यानं येऊन हाका मारल्या.

बाल्कनीतला:
"आधी एवढं वाजलं नसतं तर." याला माझ्याकडे या घडीला उत्तर नाही. विचार करतो.

खारे शेंगदाणे:
वातावरण गंभीर झालंय म्हणून विचारतो, ‘अशी ही बनवाबनवी’ न आवडणारा कुणी आहे का इथे?

रात्रपाळी:
मी. १९८८ पासून प्रत्येक सणाला, प्रत्येक चॅनेलवर. विनोद चांगले आहेत, पण बोलणाऱ्याच्या आधी घरातले सगळे म्हणून टाकतात. ते "सत्तर रुपये वारले" मी पडद्यावरून शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही, दरवेळी माझा मेव्हणाच ओरडतो.

खारे शेंगदाणे:
मग तक्रार मेव्हण्याची आहे. धनंजय मानेंना मध्ये आणू नका.

कडूकारलं:
सगळ्यांचे मुद्दे झाले असतील तर माझे दोन प्रश्न, आणि दोन्ही धागाकर्त्याला.

एक. ‘श्वास’ (२००४). कोकणातून नातवाला घेऊन शहरात आलेले आजोबा, डोळ्याचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. याहून रडवणारा विषय कुठला? बाल्कनीतल्या साहेबांना तो आवडतो की नाही? हो किंवा नाही.

दोन. ‘पिंजरा’त सगळं खापर बाईच्या डोक्यावर, असं तुम्ही म्हणालात. गुरुजींना कुणी बांधून नेलं होतं का? स्वतःच्या पायांनी गेले ना? आणि नंतर गाव ज्याचा पुतळा उभारतं तो माणूस त्या पुतळ्यासमोर जिवंत, दाढी वाढलेला, आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपात अडकलेला. यात हसं कुणाचं झालंय, बाईचं की पुतळे उभारणाऱ्या गावाचं? शिवाय गंमत बघा, ‘पिंजरा’त डॉ. लागू आणि ‘सामना’तही डॉ. लागू. एकात चांगला मास्तर दारूपर्यंत जातो, दुसऱ्यात दारूपर्यंत गेलेला मास्तर उठून साखरसम्राटाला जाब विचारतो. तुम्हाला दुसरा आवडतो आणि पहिला खोटा वाटतो. का?

बाल्कनीतला:
‘श्वास’: हो, आवडतो. आणि हो, रडलो. पण त्यातले आजोबा आपल्यासमोर रडत बसत नाहीत. शस्त्रक्रियेआधी पोराला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतात, जेवढं दाखवता येईल तेवढं जग दाखवायला. म्हातारा काहीतरी करतोय आणि आपण ते बघतोय. अरुण नलावड्यांच्या चेहऱ्यावर मला कुठे ‘आता रडा’ अशी पाटी दिसली नाही.

नाट्यवेडा:
म्हणजे तुम्ही रडता ते सिनेमे चांगले आणि आम्ही रडतो ते भडक.

बाल्कनीतला:
जरा तसंच दिसतंय खरं.

मधुमालती:
😄 लोणचं मिळेल आता उद्या.

कडूकारलं:
दुसऱ्या प्रश्नाचं काय झालं?

रात्रपाळी:
‘कोर्ट’ परत बघायला घेतला, मोबाइलवर. झुरळाच्या साक्षीपर्यंत आलोय. जागा आहे. मत बदललेलं नाही, नुसतं कळवतोय.

कडूकारलं:
‘पिंजरा’च्या प्रश्नाचं काय झालं? ‘सामना’तला मास्तर मारुती कांबळेचं विचारत राहतो तसं मी विचारत राहणार.

बाल्कनीतला:
बरं, सांगतो. ‘पिंजरा’ मी एकदाच पाहिलाय, आठवीत असताना, गणपतीत. चौकात कापडी पडदा लावला होता, पुढे जागा नव्हती, म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो होतो. नावं उलटी, सगळे डावखुरे. गुरुजी नदीपलीकडे गेले इथपर्यंत जागा होतो. पुतळ्याचं मला आत्ता तुमच्याकडून कळलं.

कडूकारलं:
आणि या भांडवलावर पन्नास वर्षांच्या सिनेमाला खोटं म्हणालात!

नाट्यवेडा:
उलट्या बाजूनं पाहिला तर उलटाच कळणार.

बाल्कनीतला:
रविवारी बघतो, सरळ बाजूनं. तोपर्यंत मत कायम.