१७ वर्षांच्या पोराने सायकलवाल्याला उडवलं, आता भोगायचं कुणी?

सिंहगडरोडकर: आमच्या सोसायटीतला बारावीचा मुलगा पहाटे बाबांची कार घेऊन निघाला आणि नाइट करून सायकलवर घरी चाललेल्या वॉचमनला मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. मुलगा पळाला नाही हे खरं. आता वडील म्हणतायत बिल भरतो, वर पन्नास हजार देतो, स्टॅम्प पेपरवर सही द्या, केस नको, पोराचं करिअर जाईल. माझ्या मते केस व्हायलाच पाहिजे.

जाऊद्याना: केस करून वॉचमनला काय मिळणार? तारखांना जायचं म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. त्याला पैसे आज पाहिजेत, घरभाडं कोर्ट देणार आहे का. मुलगा थांबला, दवाखान्यात नेलं, अजून काय पाहिजे?

पेडलवाला: घ्या, परत निबंध! मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन पोराच्या पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनियर गेले आणि त्या पोराला जामीन देताना ३०० शब्द लिहायला सांगितले. सायकलवाला मेला तरच तुम्हाला राग येणार का?

जाऊद्याना: ती पोर्शे, तो पब, ते बदललेले रक्ताचे नमुने, तो राग या पोरावर कशाला काढताय?

कोर्टकचेरी: करिअरचं रडगाणं आधी थांबवा. बाल न्याय कायद्याचं कलम २४ वाचा, अल्पवयीन असताना केलेल्या अशा गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता येत नाही. खरं टेन्शन वडिलांना आहे. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १९९ए आलं, पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. म्हणून पन्नास हजारात मिटवायची घाई.

दोनमुलांचीआई: अहो पण आईबाप झोपलेले असताना पोराने चावी उचलली तर? मी दोन मुलं वाढवलीत, सतराव्या वर्षी कुणाचं ऐकतात का ती. त्यासाठी बापाला आत टाकायचं हे मला नाही पटत.

कोर्टकचेरी: ताई, माहीत नव्हतं किंवा पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध केलं की सुटतात, फक्त सिद्ध त्यांनी करायचं.

सिंहगडरोडकर: हेच वडील दर रविवारी त्याला पार्किंगमध्ये गाडी शिकवायचे, अख्ख्या सोसायटीने बघितलंय. कौतुकाने बघितलंय, मीसुद्धा.

दोनमुलांचीआई: मग अवघड आहे. तरी पोराला सुधारगृहात नका पाठवू, तिथे काय शिकेल देव जाणे. बाल न्याय बोर्डाला समाजसेवा सांगता येते ना? हाडांच्या वॉर्डात महिनाभर बेडपॅन उचलू दे.

पेडलवाला: आणि वॉचमन तीन महिने घरात बसून काय खाणार?

कोर्टकचेरी: तेच सांगतोय. सही अजिबात करू नका. एफआयआर होऊ दे आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावा, २०१९ च्या दुरुस्तीत सहा महिन्यांची मुदत आहे, उशीर नको. लायसन नव्हतं म्हणून इन्शुरन्सवाले हात वर करतील, पण अशा केसेसमध्ये बहुतेक वेळा आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा असाच आदेश होतो. पगार रोखीत मिळत असेल तर वॉचमनच्या एजन्सीकडून लेखी घ्या, नाहीतर कमाई कमी धरतात.

जाऊद्याना: एजन्सी लिहून देईल? पीएफ तरी भरतात का ते?

सिंहगडरोडकर: विचारतो. पॉलिसी नंबर पण मागितलाय, वडील म्हणाले उद्या देतो. कालही उद्याच म्हणाले होते.