नवरा-बायकोचं बिनसलं तेव्हा तुम्ही कुणाकडे गेलात?

घरातली मोठी माणसं, मित्र, समुपदेशक, कोर्ट... कुठे गेलात आणि तिथे नेमकं काय झालं, ते लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत.

अबोली : आम्ही थेट परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्जच केला होता. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंकडे 'एकदा जाऊन या', एवढंच वकील म्हणाले होते. बाईंनी आधी मला एकटीला बसवलं, मग ह्याला, मग दोघांना. इथलं बोलणं पुरावा म्हणून वापरत नाहीत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मला वाटायचं हा पगार उडवतो. तर हा सासूबाईंच्या डायलिसिससाठी काढलेलं उसनं फेडत होता! मला का नाही सांगितलं, तर म्हणे 'तू माहेरी सांगितलं असतंस'. (सांगितलं असतं, खरंय.) घटस्फोटाआधी थांबायची सहा महिन्यांची मुदत सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर माफ होऊ शकते, वकील त्याचा अर्ज करायला तयार होते. आम्ही नको म्हटलं. पुढच्या तारखेला गेलोच नाही.

सांगलीकर : आमच्याकडे बैठक बसली. दोन्हीकडची अकरा माणसं, कांदेपोहे, 'भांड्याला भांडं लागायचंच'. माझं पिणं हा खरा प्रश्न, त्यावर कुलदैवताची शपथ. आठ दिवस टिकली. शेवटी हिनेच पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, ३५ दिवस. तिथे बायकांचाही वेगळा गट असतो. माझ्यापेक्षा ती तिथे जास्त बोलली असेल.

निनावी : माझा अनुभव वेगळा. नवरा हात उचलायचा. समुपदेशकांनी दोघांना समोरासमोर बसवलं. तिथे मी जे बोलले, त्याचा हिशेब रात्री घरी झाला. मग घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले, एकटी. आता वेगळी राहते.

न्यूजर्सीवाली : इथली थेरपिस्ट चांगली होती हो, पण सासूबाईंचं 'तुमच्यात असंच करतात का गं?' यातलं टोचणं इंग्रजीत सांगता येईना! आता पुण्याच्या एक मराठी ताई, व्हिडिओवर. आमची शनिवार सकाळ, त्यांची संध्याकाळ.

सांगलीकर : @न्यूजर्सीवाली, पहिल्यांदा दोघं गेलात का?

न्यूजर्सीवाली : छे. तीन वेळा मी एकटीच. चौथ्या वेळी माझं वाय-फाय लागेना म्हणून तो आला, आणि तिथेच बसला.