झाडांचे फोटो टाका, जनरेटर झाका

मुळाकाठचा: काल इथे एका मोबाइल कंपनीच्या वृक्षारोपणाचे फोटो टाकून कुणीतरी लिहिलं, 'याला म्हणतात बांधिलकी!' राहवलं नाही. अहो, २ टक्के सीएसआर, म्हणजे समाजकार्यावरचा खर्च, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं बंधनकारक आहे, उपकार नव्हेत. तेही ३ वर्षांच्या सरासरी नफ्यावर. नफाच नसेल तर खर्चाची सक्ती नाही. टॉवरखालचा जनरेटर मात्र तोट्यातही धूर ओकतो. दूरसंचार खात्यानं २०१२ मध्येच बजावलं होतं की २०१५ पर्यंत खेड्यातले ५० आणि शहरातले २० टक्के टॉवर हायब्रिड विजेवर, म्हणजे ग्रिडच्या जोडीला सौर-पवनासारख्या ऊर्जेवर, आणा. त्याचा हिशेब देणारा फोटो कुणी टाकलाय?

साइटवाला: जनरेटर बऱ्याचदा टॉवर कंपनीचा असतो, मोबाइल कंपनी भाडेकरू. आमच्या भागात विजेचा फीडर तासन्‌तास बंद. रेंज गेली की पहिली बोंब तुमचीच. बॅटऱ्या बसवल्या तर रातोरात चोरीला जातात, डिझेलही सोडत नाहीत.

मुळाकाठचा: म्हणजे धूरही भाड्याचा. वा!

वरचा_मजला: धूर राहू द्या. आमच्या गच्चीवर चेअरमननी मीटिंग न घेता टॉवर बसवला. भाडं येतं, मेंटेनन्स कमी झाला, सगळे चिडीचूप. झोपायचं आम्ही त्याच्याखाली. रेडिएशनचं काय?

साइटवाला: ताई, १ सप्टेंबर २०१२ पासून आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागवा.

वरचा_मजला: मोजणीचे पैसे मीच भरायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये या लहरी 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात टाकल्यात, ते नाही सांगितलंत.

कोरा_चहा: त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. घरातल्या बरण्या फोडल्यात का?

वरचा_मजला: लोणचं मी माझ्या मर्जीनं खाते. टॉवर कुणाच्या मर्जीनं आला? अक्कल पाजळू नका.

कोरा_चहा: मग भांडण चेअरमनशी आहे, लहरींशी नाही.

धारणीकर: नको असेल तर तो टॉवर आमच्याकडे पाठवा. मेळघाटात आमच्या पाड्यावरून १०८ लावायचा तर टेकडी चढावी लागते. वहिनी अडली होती तेव्हा भाऊ रात्री बॅटरी घेऊन वर पळाला. कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के खेड्यापाड्यांत सेवा पोचवायच्या सरकारी निधीत जातात, हल्ली त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. पाड्यावर अजून रेंजची एक काडी दिसत नाही.

साइटवाला: हे बाकी खरं. पण निधी कंपन्या भरतात, खर्च सरकार करतं. शिव्यांचा पत्ता बदला.

मुळाकाठचा: बरं, एवढ्यापुरती कंपनी निर्दोष. हार घालू? आणि धारणीकर, तुमच्याकडे टॉवर आला तरी वीज कुठली? पुन्हा डिझेलच ना?

धारणीकर: येऊ द्या डिझेलवर. धुराचं तुम्ही पुण्यात बसून भांडा.

वरचा_मजला: भाडं नक्की किती येतं, ते सांगतं का कुणी? चेअरमन फोन उचलत नाहीत. गच्चीवर टॉवर असून!