ब्राझीलमधलं ‘कानेशिरो’ आडनाव: अर्थ काय, लिहायचं कसं?

केळीपट्टा_रावेर
साओ पाउलोहून एक जोडपं केळीच्या बागा पाहायला रावेरला येतंय. नवऱ्याचं आडनाव कानेशिरो. आजोबा जपानच्या ओकिनावा बेटावरून ब्राझीलला गेले, एवढंच पत्रात आहे. स्वागताच्या फलकावर नाव देवनागरीत हवंय, शिवाय सूत्रसंचालकाला ओळखीच्या दोन ओळी. शोधलं तर ‘सोन्याचा किल्ला’ असा अर्थ निघतो, आणि हेच आडनाव कुठे कुठे ‘किंजो’ म्हणूनही सापडतं. आडनाव एक की दोन? आणि सोन्याचा किल्ला असं माईकवर बिनधास्त सांगायचं का?

तापीकाठ
आडनाव एकच, वाचायच्या तऱ्हा तीन. लिहिताना कांजी, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांच्या लिपीतली दोन अक्षरं: एक सोनं किंवा धातू, दुसरं किल्ला. ओकिनावाच्या जुन्या भाषेत ती कानागुसुकू अशी वाचायचे. मुख्य जपानच्या वळणाने तेच कानेशिरो, आणि चिनी वळणाच्या उच्चाराने किंज्यो.

हे जमलं कसं, तर जपानच्या कोसेकी नावाच्या कुटुंबनोंदणीत फक्त कांजी असायची, उच्चार नसायचा. तो नोंदवायला सुरुवात झाली मे 2025 पासून. म्हणजे कागद न बदलता नाव बदलता यायचं. तिथलं जुनं र्‍युक्यूचं राज्य 1879 मध्ये खालसा होऊन ओकिनावा जिल्हा झाला. पुढे तिथली माणसं ओसाकाकडे मजुरीला गेली, तेव्हा नावावरून ओळखून त्यांना खोली नाकारत, काम नाकारत. 1930 च्या दशकात तर ओकिनावातच आडनावं ‘सुधारून’ वाचायची मोहीम निघाली. आज ओकिनावात किंज्यो पहिल्या तीन आडनावांत आहे. हवाई, ब्राझीलकडे कानेशिरो जास्त भेटतं.

सोन्याचा किल्ला मात्र जपून. हे मुळात गावाचं नाव आहे, आणि तिकडच्या गावांच्या नावांना कांजी बरेचदा नुसत्या उच्चारावरून चिकटवलेली. एरंडोलकर म्हटल्यावर आपण त्यांच्या परसात एरंड शोधतो का? तसंच हे. गुसुकू म्हणजेही निव्वळ लढाईचा किल्ला नव्हे. दगडी तटबंदीची जागा, आत बहुधा देवस्थान. अशा काही गुसुकूंना 2000 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

यावल_वाचक
वरच्यात एक भर. पाहुण्यांना आधी कांजी विचारा. ओकिनावातच दुसरं एक कानेशिरो आहे, त्याचं पहिलं अक्षर ‘एकत्र, जोडून’ अशा अर्थाचं. रोमन लिपीत दोन्ही एकसारखी दिसतात, त्यामुळे तिथे ‘सोनं’ म्हणालात तर साफ चूक. तिसऱ्या पिढीला कांजी येतेच असं नाही. ‘तुमच्याकडे कोसेकीची जुनी प्रत किंवा आजोबांचा पासपोर्ट आहे का, त्याचा फोटो पाठवाल का?’ असं विचारलं की काम होतं. प्रत नसेल तर फार खोदू नका: 1945 च्या लढाईत ओकिनावातल्या कितीतरी नोंदी जळाल्या, नंतर आठवणीवरून पुन्हा लिहिल्या गेल्या. परदेशातल्या वंशजांना मूळ गाव शोधायला ओकिनावाचं जिल्हा ग्रंथालय मदत करतं. पूर्वजाचं कांजीतलं नाव, जन्मसाल, गाव आणि निघाल्याचं वर्ष हाताशी लागतं.

सूत्रसंचालकासाठी इतिहास: जपानी स्थलांतरितांचं पहिलं जहाज, कासातो मारू, 18 जून 1908 ला सांतोस बंदराला लागलं. त्यात 781 जण करारावर कॉफीच्या मळ्यांसाठी आलेले, आणि ओकिनावाचा वाटा सगळ्यांत मोठा. पाहुण्यांचे आजोबा त्याच जहाजाने आले असं परस्पर ठरवू नका, जहाजं पुढेही बरीच आली.

तापीकाठ
फलकावर ‘कानेशिरो’च. ‘कनेशिरो’ लिहिलं तर आपला माणूस पहिलं अक्षर गिळतो. किंज्यो लिहायची वेळ आलीच तर ‘ज्यो’ हवा. ‘किंजो’मधला जो मराठी माणूस ‘जोडा’तल्यासारखा वाचणार.

ब्राझीलमध्ये स्वतःचं नाव आधी, मग बहुधा आईचं आडनाव आणि शेवटी वडिलांचं. मधलं सिल्वा किंवा सांतोस पाहून तेच आडनाव समजतात नि कानेशिरो गळतं. बाईंचं आडनाव तेच असेल असंही धरू नका, तिकडे लग्नानंतर बदलणं ऐच्छिक आहे.

केळीपट्टा_रावेर
कांजी आली, सोनंवालीच. बाईंचं आडनाव वेगळं निघालं, बरं झालं विचारलं. आता ‘कोन्निचिवा’ने सुरुवात करू का?

यावल_वाचक
नको भाऊ. पाहुणे पोर्तुगीज बोलणारे. ‘बों दिया’ म्हणा, सकाळीच. ओकिनावाचा मान राखायचा असेल तर पुरुषाने ‘हायसाय’, बाईने ‘हायताय’. म्हणणारा पुरुष की बाई, त्यावर शब्द ठरतो, ऐकणाऱ्यावर नाही. ‘ओकिनावाचे’ याला त्यांचा शब्द उचिनांच्यू. जगभरच्या उचिनांच्यूंचा मेळा 1990 पासून साधारण दर पाच वर्षांनी ओकिनावात भरतो. ओळखीत हे एक वाक्य घाला आणि किल्ल्याचं ‘कानागुसुकू या गावनावावरून’ एवढंच ठेवा.