आजोबांची टोपीदार बंदूक: अस्सल की दिखाऊ, आणि भाव किती धरायचा?

दाणाओळीचा नातू, ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाणाओळीत आमचा वाडा आहे, तो विकायला काढलाय. भांडीकुंडी, झोपाळा, देव, सगळ्याच्या वाटण्या झाल्या. अडलंय ते एका बंदुकीपाशी.

एकनळी आहे, तोंडाकडून ठासायची, टोपीवर उडणारी (म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर). दर दसऱ्याला माळ्यावरून खाली यायची, हळदकुंकू, आपट्याची पानं, आणि दुसऱ्या दिवशी परत वर. घोड्याच्या पुढच्या पट्टीवर १८५६ आणि त्याखाली इंग्रजीत 'टॉवर', घोड्याच्या मागे मुकुट. एकूण लांबी ५५ इंच, त्यात नळी ३९ इंच. नळीला तीन लोखंडी कड्या, दस्त्याच्या तळाला पितळ. घरात सांगतात की खापरपणजोबांनी जून १८५८ मध्ये फुलबागेच्या लढाईत ती गोऱ्याच्या हातून हिसकावली.

बाजारातला एक जण म्हणाला, आठ हजार देतो, भिंतीवर टांगायला कुणी घेईल. दिल्लीचे एक गृहस्थ फोटो बघून अडीच लाख म्हणाले, पण अट अशी की 'झाशीच्या राणीच्या लढाईतली' असं आम्ही सही करून द्यायचं. तिसऱ्याने आत टॉर्च मारून निकालच दिला: "एनफील्ड रायफलला नळीच्या आत आटे असतात, गोळी फिरवणाऱ्या वळणदार खाचा, ही आतून गुळगुळीत. नकली माल आहे." इंदूरचे काका अडीच लाख धरून वाटणी मागताहेत. मी सरकारी शाळेत गणित शिकवतो, पण हे गणित मला सुटत नाही.

बारा बोर, बडोदा

आठ हजार म्हणजे चेष्टा आहे. परदेशी लिलावांचे आकडे बघा आणि रुपयांत करा. आमच्याकडे गायकवाडांच्या सोन्या-चांदीच्या तोफा बघायला लोक लांबून यायचे, जुन्या हत्याराला मान आहे. तीन लाखांच्या खाली बोलूच नका.

वकीलबाई, इंदूर

भावाआधी कागद. लायसन्स कुणाच्या नावावर आहे? १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनसुद्धा उडवता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. 'जुनी आहे, म्हणून चालतं' ही समजूत चुकीची. तुमचा घोडा, चाप, नळी शाबूत असेल तर ती कायद्याने बंदूकच. लायसन्सधारक वारला असेल तर कलम २१ प्रमाणे ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्या, मग वारसाचा अर्ज. स्वतःहून, लेखी, आणि वाडा विकला जाण्याआधी.

कंपूवाले अण्णा, ग्वाल्हेर

मी कंपूतला. वडिलांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, मीही तिथे चाळीस वर्षं कानस चालवली. आता डोळे गेलेत, म्हणून नातीकडून हे टाइप करून घेतोय. ती मधूनमधून माझी भाषा सुधारते, ते सोडून द्या.

मास्तर, भाव नंतर. आधी ती बंदूक भरलेली आहे का ते बघा. हसू नका. जुन्या घरांतल्या ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरून ठेवलेल्या निघतात, कारण एकदा ठासली की उडवल्याशिवाय सहज रिकामी होत नाही. मग माणूस मरतो आणि बार आतच राहतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. नळीखालचा गज काढा, नळीत अलगद सोडा, आपटू नका. तोंडाशी आला तिथे खडूची खूण करा. मग तोच गज, खूण नळीच्या तोंडाशी जुळवून, नळीला बाहेरून लावून धरा. टोक निपलपाशी, म्हणजे टोपी बसते त्या बोंडापाशी, पोहोचलं तर रिकामी. अलीकडेच थांबलं तर आत माल आहे, आणि मग तिला कुणी हात लावायचा नाही. टॉर्च मारून जो आत डोकावला ना, त्याच्या आईने नवस केलेला असणार.

आता खरी-खोटी. लोक आधी अक्षरं वाचतात. मी स्क्रू बघतो. अक्षरं कुणीही ठोकतं. सरहद्दीकडच्या नकलांमध्ये तर इंग्रजी 'एन' उलटा ठोकलेला असतो, कारण ठोकणाऱ्याला ते चित्रच. स्क्रूचं तसं नाही. अस्सल कारखान्याच्या स्क्रूची खाच बारीक आणि सरळ, कडा धारदार. दिखाऊ मालात खाच रुंद, स्क्रू एकमेकांशी न जुळणारे. आणि तुमच्याकडे तर आयतीच सोय आहे. घोड्याच्या विरुद्ध बाजूला, दस्त्यावर दोन मोठे स्क्रू असतील. त्यांच्या खाचांत कुंकू आहे का बघा. दसऱ्याचं जुनं कुंकू तेल-धुळीबरोबर बसून काळपट लाखेसारखं घट्ट होतं. तो थर अखंड असेल तर त्या खाचेत कित्येक वर्षांत पेचकस घुसलेला नाही, म्हणजे कळ, घोडा-चापाची यंत्रणा, बदललेली नाही. हा दाखला तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही.

लाकूड अक्रोडाचं हवं. आपल्याकडच्या शोभेच्या बंदुका बहुतेक शिसवी, उचलल्यावर दस्ता जड लागतो. गंज बघा: जुना गंज तपकिरी-काळा, बोट फिरवलं तर गुळगुळीत. आम्ल लावून आणलेला नारिंगी, बोटाला लागतो, खड्ड्यांच्या आतही तोच एक रंग.

आटे नाहीत यावरून नकली ठरवणाऱ्याला अर्धीच गोष्ट माहीत आहे. मला तीन गोष्टी कळवा. नळीच्या तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, तोंडाशीच मोजा, कॅलिपर कुणा टर्नरकडून आणा. मागची नेम धरायची साइट उभी करता येणारी शिडी आहे की नुसती ठोकळ्यासारखी. आणि दोन बाण टोकाला टोक लावलेले कुठे ठोकलेत का. हो, आणि ब्रासो, पॉलिश पेपर, खोबरेल, काहीही लावू नका.

बडोदेकर, सोन्याची तोफ महाराजांची होती. मास्तरांच्या माळ्यावरच्या बंदुकीला तिचा भाव लागत नाही.

दाणाओळीचा नातू

अण्णा, हात थरथरताहेत. गज बाहेरून धरला तर निपलपासून चार बोटं अलीकडे थांबतोय. तीनदा बघितलं. बंदूक मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी ठेवली आणि कुलूप लावलं. लहानपणी आम्ही भावंडं दसऱ्याला तिचा घोडा ओढून 'ठो' करायचो.

गज लावायच्या आधी बाकीचं बघून झालं होतं. व्यास १६.६ मि.मी. साइट ठोकळाच, बसकी, हलत नाही. दस्त्यावर पुसट दोन बाण आहेत, टोकाला टोक. आम्ही ते फुलीसारखं काहीतरी ओरखडलंय समजत होतो. दोन्ही स्क्रूंत कुंकू आहे, अगदी तुम्ही म्हणता तसं, नखानेही निघत नाही. फक्त पितळी तळ वहिनींनी गेल्या दसऱ्याला चिंच-मिठाने घासला. लखलखतोय.

आजोबांच्या पेटीत लायसन्सचं पुस्तक मिळालं. शेवटचं नूतनीकरण २००८ चं, आजोबा २००९ ला गेले. शिवाय निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केल्याच्या पावत्यांचा गठ्ठा. प्रत्येकीवर 'एक नाल टोपीदार, टावर १८५६'.

कंपूवाले अण्णा

चिंच! वहिनींना काही बोलू नका, त्यांनी भांडं समजून घासलं. पण तो तांबूस रंग चढायला दीडशे वर्षं लागली होती. आता तसाच राहू द्या, वर रंग चढवायला जाऊ नका.

बार काढायचं तुम्ही करायचं नाही. बाईंनी सांगितलं तसं आधी ठाण्यात लेखी कळवा, बार भरलेला आहे हेही लिहा, आणि परवानाधारक बंदूकसाजालाच घरी बोलवा. मी शेजारी बसेन. निपलमधून पाणी मुरवून दोन दिवस दारू भिजू द्यायची, मग गजाच्या टोकाला पेच लावून उपसायचं. घाई केली तर गज उडतो.

आता तुमची बंदूक. अस्सल आहे. आणि तुमच्या घरातली लढाईची गोष्ट खोटी आहे. दोन्ही एकाच खुणेवरून कळतं.

१८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल, नळीला तीन आटे, व्यास साधारण १४.७ मि.मी. तिच्याच काडतुसाच्या चरबीवरून १८५७ चं सगळं पेटलं, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. बंड मोडल्यावर इंग्रजांनी ठरवलं की देशी शिपायाला आटेदार बंदूक द्यायची नाही, म्हणजे त्याची गोळी गोऱ्याच्या गोळीइतकी लांब आणि नेमकी जाणारच नाही. मग त्याच रायफलींच्या नळ्या आतून खरवडून गुळगुळीत केल्या, शिडीची साइट काढून ठोकळा बसवला. व्यास वाढून १६.६-१६.७ झाला. हा १८५८ चा नमुना. खरवडल्याने नळीची भिंत पातळ झाली, त्या नळ्या फुगायला लागल्या, म्हणून १८५९ च्या नमुन्यात जाड नळी घातली. रिकामी झाली की तुमच्या नळीवरून बोटं फिरवा, मध्ये कुठे फुगवटा लागला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तोही दोष धरू नका, ती तिची जन्मखूण.

म्हणजे १८५६ ही नुसत्या कळीवरच्या पट्टीची तारीख. आज जी बंदूक तुमच्या घरात आहे, ती या रूपात बंडानंतरची. फुलबागेत गोऱ्याच्या हातात असती तर आत आटे असते. आणि टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सरकारने ती फौजेतून काढून विकली. लुटलेल्या बंदुकीवर विक्रीचा शिक्का कोण मारतो? खापरपणजोबांनी, किंवा त्यांच्यानंतर कुणीतरी, ती पैसे मोजून घेतली. त्यात कमीपणा नाही. पण दिल्लीवाल्याला सही करून देऊ नका. जाणता गिऱ्हाईक कॅलिपर लावील आणि फसवणुकीच्या कागदावर नाव तुमचं असेल.

भाव. परदेशी लिलाव विसरा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. गिऱ्हाईक इथलंच, आणि तेही लायसन्सवालं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, वारसाहक्काच्या धरून. आपल्या भागात खांद्यावर दुनळी नसेल तर लग्नात मान मिळत नाही, तुम्हाला सांगायला नको. दोनच जागा असताना माणूस एक बारा बोर आणि एक रिव्हॉल्व्हर ठेवील, की ठासणीची टोपीदार ठेवील? तिसरी बंदूक जमा करणाऱ्यांनी बाजार आणखी पाडला. त्यामुळे खरा शौकीनच येणार, आणि तो दहा ठिकाणी बघून येतो.

तुमच्या बाजूने काय: कळ न उघडलेली, लाकूड मूळचं, गज सोबत. त्याहून मोठं म्हणजे त्या पावत्या. तुम्ही त्या रद्दी समजत होता ना? कुठली बंदूक, कुठल्या घरात, कुठल्या साली, याचा पोलिसाच्या हातचा पुरावा आहे तो. लढाईची गोष्ट फुकट, पावतीला किंमत. विरुद्ध बाजूने एक चिंच. मी आज बाजारात असतो तर ५०,००० च्या वर आनंदाने गेलो असतो, ७०,००० ला कुरकुरत घेतली असती, आणि लाख ऐकून चहा पिऊन उठलो असतो.

बारा बोर, बडोदा

चुकलो अण्णा. दोन बंदुकांचा हिशोब डोक्यातच आला नाही. माझीच एक दुकानात जमा पडली आहे.

दाणाओळीचा नातू

उशिरा लिहितोय. ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज घेतला, दोन तास बसवलं, पण नीट वागले. बंदूकसाज आणि अण्णा दोघं आले. अण्णांना दिसत कमी, पण नळीवर बोटं फिरवत मधल्या कडीच्या थोडं पुढे थांबले, माझं बोट धरून तिथे ठेवलं. फुगवटा आहे. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो.

आतून आधी नारळाच्या शेंडीचा बोळा निघाला, मग छर्रे, पुन्हा शेंडी, आणि शेवटी शाईसारखा काळा चिखल. छर्रे रानडुकरासाठी असावेत असं अण्णा म्हणाले. आमची शेती होती तिकडे डुकरं फार. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आणि मी दर वर्षी तिच्यासमोर निरांजन ओवाळत होते."

काकांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पन्नास-सत्तर हजारांत वाटणी काय करायची, तू लायसन्स करून घे आणि ठेव. वारसाचा अर्ज बाईंनी मसुदा पाठवला तसाच दिलाय.

दिल्लीच्या गृहस्थांनाही खरं ते कळवलं, की बंदूक बंडानंतरची आहे. ते जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "मग तात्या टोपेंची लिहू या. ते एप्रिल १८५९ पर्यंत होतेच की, आणि शिवपुरी तुमच्यापासून कितीशी लांब?"

मी फोन ठेवला. बंदूक ठाण्याच्या मालखान्यात आहे आणि नवी पावती जुन्या गठ्ठ्यात लावली आहे.