मदत हवी आहे: विद्युतीकरणासाठी निवेदन नेमके कोणाला द्यावे?

बालाघाट_प्रवासी: आमच्या मार्गावर गाडी सुरू झाली, परंतु ती डिझेलवर धावते. विद्युतीकरणासाठी राज्य शासनाने निधी द्यावा, असे निवेदन प्रवासी संघटनेतर्फे याच आठवड्यात पाठवायचे आहे. ते मुख्यमंत्र्यांना द्यावे की रेल्वेमंत्र्यांना, एवढेच कृपया त्वरित सांगावे.

रूळमित्र: मार्ग कोणता, हे आपण लिहिलेलेच नाही. जुना ब्रॉडगेज मार्ग असेल, तर राज्याच्या निधीचा प्रश्न सहसा येत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेल्या १३,६७५ किलोमीटर ब्रॉडगेजच्या विद्युतीकरणासाठी १२,१३४ कोटी रुपये मंजूर केले होते. नव्या मार्गाचे गणित वेगळे असते.

कोकणवासी: निवेदनात कोकण रेल्वेचा दाखला अवश्य द्यावा. बोगदे, दरडी आणि पाऊस यांना तोंड देत रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, आणि त्या महामंडळात महाराष्ट्र शासन भागधारक आहे.

रूळमित्र: हा दाखला येथे लागू होत नाही. महामंडळाच्या भागभांडवलात राज्याचा वाटा असणे आणि एखाद्या मार्गाच्या बांधकामखर्चात वाटा उचलणे या दोन भिन्न बाबी आहेत.

डिझेलप्रेमी: माझ्या मते डिझेल इंजिने मोडीत काढूच नयेत. वादळात तारा तुटल्या, तर मदतगाडी तीच ओढतात.

उपकेंद्र: तो स्वतंत्र विषय आहे. मूळ प्रश्नाबाबत सांगतो: केवळ खांब व तारा मागू नका. २५,००० व्होल्टचा पुरवठा देणारे कर्षण उपकेंद्र आणि तेथवर येणारी उच्चदाब वाहिनी तयार नसेल, तर तारांखालूनही डेमू, म्हणजे डिझेलवरील प्रवासी गाडीच, धावत राहते. आपला मार्ग तरी सांगा.

बालाघाट_प्रवासी: अहिल्यानगर–बीड–परळी.

रूळमित्र: मग चित्र स्पष्ट झाले. या २६१ किलोमीटरच्या प्रकल्पाचा निम्मा खर्च राज्य शासन उचलते, त्यामुळे निधीची नव्याने मागणी करण्यापूर्वी, विद्युतीकरण सुधारित अंदाजपत्रकात धरले आहे काय, हे मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना लेखी विचारावे. निवेदन रेल्वेमंत्र्यांच्या नावे लिहून प्रत मुख्यमंत्र्यांना द्यावी आणि उपकेंद्राची जागा व मुदत हे दोन प्रश्न त्यात स्वतंत्रपणे मांडावेत.