12 वर्षांनी निर्दोष सुटका: कागदपत्रं, जमीन, भरपाई. आधी काय धरायचं?

तापीकाठ_चोपडा
राम राम मंडळी. मामा 2012 पासून आत होते. खंडपीठाने अपिलात निर्दोष सोडलं, नाशिकरोडहून घरी येऊन पंधरा दिवस झाले. आधार नाही, रेशनकार्डावरून नाव कमी केलंय, सातबाऱ्यावर तर नावच दिसत नाही. जुनं पासबुक आहे. अटकेच्या वेळी पोलिसांनी जप्त केलेल्या 500 च्या जुन्या नोटा अजून मुद्देमालात आहेत. भरपाई आपोआप मिळते का? शिवाय रात्री ते दिवा मालवू देत नाहीत. आते काय करानं?

वकिली_धुळे
भाऊ, पहिला आठवडा फक्त दोन कागदांसाठी ठेवा.

एक, संभाजीनगर खंडपीठाच्या निकालाची प्रमाणित नक्कल. चार-पाच प्रती एकदमच मागा. वेबसाइटवरून काढलेली प्रिंट तहसीलला चालत नाही. दोन, कारागृहाचा दाखला. त्यात आत गेल्याची आणि सुटल्याची तारीख हवी, आणि मध्ये पॅरोल-फर्लोवर (शिक्षेत मिळणारी तात्पुरती रजा) बाहेर आले असतील तर त्याही तारखा. हा दाखला पुढे जमिनीच्या कामी सोन्याचा ठरतो. त्याच फेरीत कामाच्या मजुरीची शिल्लक आणि खासगी रोकड खात्याचा (कारागृहात त्यांच्या नावावर जमा असलेले पैसे) हिशेब लेखी मागून घ्या.

सुटताना सहा महिन्यांचा बंधपत्र-जामीन लिहून दिला असेल (जुनं कलम 437अ, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 481). सरकारला सर्वोच्च न्यायालयात जायला 90 दिवस असतात, म्हणून तोवर पत्ता बदलला तर वकिलाला कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली की घोळ होतो.

नोटांचं: 2017 च्या नियमांप्रमाणे 30 डिसेंबर 2016 पर्यंत जप्त झालेल्या जुन्या नोटा कोर्टाच्या आदेशाने बदलून मिळू शकतात. अट एकच, जप्तीच्या वेळी नोटांचे नंबर नोंदलेले हवेत आणि कोर्टाच्या आदेशातही ते यायला हवेत. नुसता 'मुद्देमाल परत द्या' असा आदेश घेऊन बँकेत गेलात तर हात हलवत परत याल. अर्ज सत्र न्यायालयात करायचा. आणि बदलून मिळेपर्यंत त्या नोटा घरात ठेवू नका, दहापेक्षा जास्त जुन्या नोटा बाळगणं हाच गुन्हा आहे.

भरपाई आपोआप नाही. तसा कायदाच नाही. विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात शिफारस केली, ती कागदावरच आहे. रस्ता म्हणजे राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. रुदुल शाह प्रकरणापासून (1983) न्यायालयं अशी रक्कम देतात, पण तो माणूस निर्दोष ठरल्यावरही 14 वर्षं आत होता. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. मात्र निकालात नुसता 'संशयाचा फायदा' असेल तर दावा लंगडा पडतो. तपासावर ताशेरे आहेत का, ते परिच्छेद आधी शोधा. टक्केवारीवर भरपाई काढून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना मूळ नक्कल देऊ नका.

फेरफार_यावल
सातबारा बघून घाबरू नका, नाव कोणत्या फेरफाराने (जमिनीच्या नोंदीतला बदल) गेलं ते शोधा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतोच. तो फेरफार आणि त्याला जोडलेली कागदं तलाठ्याकडून किंवा अभिलेख कक्षातून काढा. बहुतेक वेळा वडील वारले आणि वारस नोंदीत या माणसाला वगळलं, नाहीतर हक्कसोड (आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त) दाखवलेली असते.

वारस नोंद असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली अपील. मुदत 60 दिवसांची, ती केव्हाच संपलेली, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. कारण म्हणून कारागृहाचा दाखला. नमुना 9 ची नोटीस (फेरफाराआधी हितसंबंधितांना द्यायची) कारागृहात बजावलेली नसेल तर तो मुद्दा ठळक मांडा.

हक्कसोड असेल तर दस्ताची तारीख दाखल्याशी ताडून बघा. माणूस आत असताना दुय्यम निबंधकासमोर (दस्त नोंदणी अधिकारी) अंगठा कसा उठला? इथेच पॅरोलच्या तारखा लागतात, कारण समोरचा तोच बचाव घेतो. दस्त रद्द करायला दिवाणी दावाच लागतो, कळल्यापासून तीन वर्षांत. फेरफार हा महसुली कागद, त्याने मालकी ठरत नाही. आणि सरकीची लावणी तोंडावर आहे म्हणून बांधावर भांडायला जाऊ नका. नुकत्याच सुटलेल्या माणसावर मारामारीची तक्रार झाली की बाकी सगळं अडतं.

सेतूवाला_जळगाव
आधारचं आधी विचारा: आत असताना शिबिरात बोटांचे ठसे दिले होते का? दिले असतील तर जुनी नोंद शोधायची. नवीन नोंदणी केली तर दुबार म्हणून नाकारली जाते. कोरी नोंदणी असेल तर 18 वर्षांवरच्यांची निवडक केंद्रांवरच होते आणि पडताळणीला 180 दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून आजच जा. जन्मतारखेसाठी जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दाखल्याची दुसरी प्रत काढा, स्पेलिंग निकालातल्या नावाशी जुळतंय ना बघा. मतदार यादीसाठी नमुना 6. रेशनचं तहसीलच्या पुरवठा शाखेत.

पासबुक जपा. दहा वर्षं व्यवहार नसलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, पण बुडत नाही. त्याच शाखेत ओळखपत्र देऊन मागायची.

आरोग्यसेवक_शहादा
बराकीत दिवा रात्रभर चालू असतो आणि कैद्यांना संध्याकाळीच आत बंद करतात. म्हणून अंधारात झोप लागत नाही, यात वेड काही नाही. झिरोचा बल्ब ठेवा आणि महिनाभर ते स्वतःच मालवतील तोवर हात लावू नका. जेवण सुरुवातीला संध्याकाळी सहालाच द्या. शेवभाजीची तर्री आणि कळण्याच्या भाकरीवर खूप तेल-ठेचा लगेच नको, पोट फिकं खायला सरावलेलं असतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या, ती फुकट होते. गर्दीच्या बराकीत क्षयरोग पसरतो. रक्तदाब-साखरही तपासा. फार घाबरं वाटत असेल तर टेली-मानस 14416, मराठीत बोलतात.

भेटायला येणाऱ्यांना दिवसाला दोन-तीनच वेळा येऊ द्या. 'आत काय झालं' हा प्रश्न दारातच थांबवा.

तापीकाठ_चोपडा
सगळ्यांचे आभार. फेरफार 2016 चा निघाला, हक्कसोडचाच. पॅरोलच्या तारखा दाखल्यात नाहीत.

वकिली_धुळे
मग कारागृह अधीक्षकांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, मामांच्याच सहीने. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. त्याआधी दावा दाखल करू नका.